विकलांगांची दंतचिकित्सा

विकलांगांची दंतचिकित्सा : शारीरिक, बौद्धिक, मानसिक किंवा ज्ञानेंद्रियविषयक वैगुण्यामुळे अथवा दीर्घकालीन व्याधीमुळे ज्यांना सर्वसाधारण दंतचिकित्सालयात नेहमीच्या पद्धतीने उपचार घेता येत नाहीत, अशा व्यक्तींच्या मुखारोग्याचा विचार करणारी दंतवैद्यकाची शाखा. बौद्धिक अक्षमता (जिला पूर्वी मनोदुर्बलता म्हणत), डाउन लक्षणसमूह, प्रमस्तिष्क पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), स्वमग्नता, अपस्मार, अंधत्व, बहिरेपणा, स्नायूंचे क्षयकारक विकार, तीव्र मानसिक आजार, हीमोफिलियासारखे रक्तस्रावी विकार आणि वार्धक्यातील बुद्धिभ्रंश या अवस्थांतील व्यक्तींचा तीत समावेश होतो. भारतीय कायद्याच्या मराठी परिभाषेत अशा व्यक्तींना आज ‘दिव्यांग’ म्हणतात. ‘अपंग’ हा त्याआधीचा रूढ शब्द होय.

या व्यक्तींना होणारे दातांचे रोग इतरांच्या रोगांहून वेगळे नसतात. वेगळी असते ती उपचाराची परिस्थिती. खुर्चीत स्थिर बसणे, तोंड पुरेसे उघडे ठेवणे, यंत्राचा आवाज व पाण्याचा फवारा सहन करणे आणि कोठे दुखते ते सांगणे, या चार गोष्टी दंतवैद्य गृहीत धरून चालतो. त्यांपैकी एखादी जरी रुग्णाला शक्य नसली, तरी साधा दात भरण्याचे कामही अवघड होते. बोलू न शकणाऱ्या व्यक्तीची दाढ दुखत असल्यास ते दुखणे पुष्कळदा केवळ वर्तनातून प्रकट होते : ती जेवण नाकारते, रात्री झोपत नाही, स्वतःच्या गालावर मारून घेते किंवा जवळ येणाऱ्यास चावते. हे वर्तन तिच्या वैगुण्याचाच भाग आहे असे समजले गेले, तर दाताकडे कोणी पाहत नाही आणि शामक औषधाची मात्रा तेवढी वाढविली जाते. या शाखेची आवश्यकता प्रथमतः येथे उत्पन्न होते.

तिच्या इतिहासाचा एक विशेष असा की, विकलांगांचे मुख हे दीर्घकाळ वैद्यकाच्या निरीक्षणाचा, सिद्धांताचा आणि प्रयोगाचा विषय होते. ते उपचाराचा विषय होण्यास विसावे शतक निम्मे उलटावे लागले. आजही ही सेवा कोणत्या देशात मिळते व कोणत्या देशात मिळत नाही, हे तेथील दंतवैद्यांच्या एकूण कौशल्यापेक्षा त्या देशाने या कामाला स्वतंत्र नाव, शिक्षण आणि पैसा दिला आहे की नाही, यावर अधिक अवलंबून असते.

मुखविकारांचे स्वरूप : निरनिराळ्या अवस्थांत मुखाच्या तक्रारी निरनिराळ्या आढळतात. डाउन लक्षणसमूहात दात उशिरा येतात, काही दात मुळातच नसतात व जीभ तोंडाच्या पोकळीच्या मानाने मोठी भासते. दात किडण्याचे प्रमाण पुष्कळदा कमी असले, तरी हिरड्यांचा व दातांभोवतीच्या आधारऊतकांचा रोग लहान वयात सुरू होऊन झपाट्याने वाढतो, त्यामुळे न किडलेले दातही हलू लागून पडतात. प्रमस्तिष्क पक्षाघातात स्नायूंवर ताबा नसल्याने दातांवर दात घासले जाऊन झिजतात, लाळ गळते, पडण्यामुळे पुढचे दात तुटतात आणि तोंडात वस्तू जाताच जबडा आपोआप घट्ट मिटतो. स्वमग्न व्यक्तीला प्रखर दिवा, औषधांचा वास किंवा यंत्राचा आवाज असह्य होऊ शकतो.

काही विकार औषधांमुळे उद्‌भवतात. अपस्मारावरील फेनिटॉइन हे औषध १९३८ मध्ये उपयोगात आले व पुढच्याच वर्षी त्यामुळे हिरड्या अतोनात वाढत असल्याचे नोंदले गेले. मानसिक आजारांवरील अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळेचे संरक्षण नाहीसे झाल्याने दात लवकर किडतात. मुलांना वर्षानुवर्षे दिली जाणारी साखरयुक्त पातळ औषधेही याच परिणामास कारण होतात. ज्याला स्वतःच्या हाताने दात घासता येत नाहीत, त्याचे मुखारोग्य सर्वस्वी दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असते, ही बाब या सर्वांच्या मुळाशी आहे.

संस्थांचा काळ : एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिका येथे मनोदुर्बल आणि मनोरुग्ण व्यक्तींना गावाबाहेरच्या मोठ्या संस्थांत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. एकाच ठिकाणी शेकडो व्यक्ती राहत असल्याने त्यांचे पद्धतशीर निरीक्षण शक्य झाले. इंग्‍लंडमधील अर्ल्सवुड येथील संस्थेचे वैद्यकीय अधीक्षक जॉन लँगडन डाउन (१८२८–९६) यांनी ज्या लक्षणसमूहाला पुढे त्यांचे नाव मिळाले, त्याचे वर्णन १८६६ मध्ये केले. त्याच्या चार वर्षे आधी, १८६२ मध्ये, त्यांनी द लॅन्सेट या नियतकालिकात संस्थेतील व्यक्तींच्या मुखाच्या स्थितीवर लेख प्रसिद्ध केला होता. त्यात टाळू, दात व जीभ यांच्या ठेवणीचा मनोदुर्बलतेशी असलेला संबंध तपासला होता. विकलांगांच्या मुखाविषयीच्या आरंभीच्या शास्त्रीय लेखनात त्याची गणना होते. तथापि मुख हे तेथे निदानाचे चिन्ह होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी दातांकडे अधिक लक्ष गेले, पण ते विपरीत रीतीने. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर (१८६१–१९३७) यांनी १९१० मध्ये माँट्रिऑल येथील व्याख्यानात दातांच्या मुळाशी लपलेला जंतुदोष शरीरातील इतर रोगांना कारण होतो, असे प्रतिपादन केले. ‘केंद्रस्थ जंतुदोष’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सिद्धांताचा अतिरेक अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन मनोरुग्णालयात झाला. तेथील अधीक्षक हेन्री कॉटन (१८७६–१९३३) यांनी वेडाचे मूळ दातांत व इतर इंद्रियांत लपलेल्या जंतूंत आहे असे मानून रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि अखेर मोठ्या आतड्याचे भाग काढून टाकण्याचा क्रम चालविला. हजारो दात उपटले गेले. पोटावरील शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण दगावले. मानसोपचारज्ञ फिलिस ग्रीनेकर यांनी १९२४–२५ मध्ये केलेल्या चौकशीत कॉटन यांनी सांगितलेल्या यशाला आधार मिळाला नाही. पण तो अहवाल प्रसिद्ध करण्यात आला नाही व दात उपटणे पुढेही काही वर्षे चालू राहिले. बिनदाताच्या रुग्णांना अन्न चावणे व स्पष्ट बोलणे जमेनासे झाले, याचा हिशेब कोठेही मांडला गेला नाही.

व्हिपेहोल्मचे प्रयोग : या काळातील सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत वादग्रस्त अध्याय स्वीडनमध्ये घडला. लुंड या विद्यापीठाच्या गावी व्हिपेहोल्म नावाचे मनोदुर्बलांसाठीचे मोठे रुग्णालय होते. स्वीडनमध्ये १९३८ मध्ये सार्वजनिक दंतसेवा स्थापन झाली. दात किडण्याचे देशातील प्रमाण फार मोठे होते. सर्वांवर उपचार करण्याइतके दंतवैद्य नव्हते. म्हणून प्रतिबंधाचा मार्ग शोधण्यासाठी दात कशाने किडतात हे निश्चित करणे शासनाला निकडीचे वाटले. आहारावर पूर्ण नियंत्रण ठेवता येईल अशी माणसे व्हिपेहोल्ममध्ये होती. १९४५ मध्ये तेथे शासकीय वैद्यक मंडळाच्या वतीने अभ्यासाला प्रारंभ झाला. प्रथम जीवनसत्त्वे देऊन पाहण्यात आली. नंतर प्रयोगाचा रोख साखरेकडे वळला.

रुग्णांचे गट पाडण्यात आले. काहींना साखर जेवणाबरोबर द्रवरूपात, काहींना गोड पावातून, तर काहींना चॉकलेट किंवा कॅरमेल यांतून देण्यात आली. दोन गटांना अनुक्रमे दिवसाला आठ व चोवीस टॉफी देण्यात आल्या. या टॉफी दातांना चिकटून राहाव्यात अशाच बनविलेल्या होत्या. प्रयोगाला साखर व मिठाई उद्योगाचे साहाय्य होते. बेंग्ट गुस्टाफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षे निरीक्षणाखाली असलेल्या ४३६ व्यक्तींवरील निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली आणि तोंडात किती वेळ चिकटून राहिली यांवर दातांचे किडणे अवलंबून असते, असे त्यांत निर्विवादपणे दिसून आले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने थोडेच नुकसान झाले. दोन जेवणांच्या मधल्या वेळात टॉफी खाणाऱ्यांचे दात मोठ्या प्रमाणावर किडले.

या निष्कर्षांवर आधुनिक प्रतिबंधक दंतवैद्यकाचा मोठा भाग उभा आहे. मुलांना गोड पदार्थ आठवड्यातून एकदाच, शनिवारी, द्यावेत ही स्वीडनमधील प्रथा याच उपदेशातून रूढ झाली. जेवणांच्या मधल्या वेळात गोड खाऊ नये, हा जगभरच्या दंतवैद्यांचा सल्लाही तेथपर्यंत मागे नेता येतो. परंतु ज्यांच्या दातांच्या मोलाने हे ज्ञान मिळाले, त्यांची संमती घेण्यात आली नव्हती. माणसांवरील प्रयोगांस स्वेच्छेची संमती अपरिहार्य मानणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ मध्ये, म्हणजे प्रयोग चालू असतानाच, तयार झाली होती. वैद्यकीय संशोधनासंबंधीची हेलसिंकी घोषणा १९६४ ची आहे. प्रयोगातील एक संशोधक बू क्रासे यांनी पन्नास वर्षांनंतर त्याविषयीच्या आठवणी व विचार प्रसिद्ध केले, आणि २००६ मध्ये स्वीडिश इतिहाससंशोधक एलिन बुम्मेनेल यांनी आपल्या प्रबंधात या प्रयोगांची साद्यंत चिकित्सा केली. व्हिपेहोल्मच्या प्रयोगांचा उल्लेख आता दंतवैद्यकाच्या व वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अशा दोन्ही ग्रंथांत आढळतो.

उपचारतंत्राचा विकास : विकलांग रुग्णावर उपचार करण्याची साधने दंतवैद्यकाच्या सामान्य प्रगतीतूनच मिळाली. अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स (१८१५–४८) यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन (१८१९–६८) या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरच्या साहाय्याने शुद्धिहरण करता येते, हे बॉस्टन येथे जाहीरपणे दाखविले. त्यानंतर सहकार्य न करणाऱ्या रुग्णाला बेशुद्ध करून त्याचे दात काढणे शक्य झाले. पण दीर्घकाळ या सोयीचा उपयोग मुख्यतः दात काढण्यासाठीच झाला. एकदा बेशुद्ध केलेल्या रुग्णाला पुन्हा तशी वेळ येऊ नये, म्हणून संशयास्पद दातही काढून टाकण्याकडे कल असे. दात वाचविण्याचा विचार विकलांगांच्या बाबतीत फार उशिरा आला.

रुग्णाला शुद्धीवर ठेवून केवळ शांत करण्याच्या पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आल्या. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे नील्स ब्यॉर्न यॉर्गेन्सेन यांनी १९४० नंतरच्या दशकात शिरेतून शामक औषधे देऊन दंतोपचार करण्याची पद्धत विकसित केली. ऑक्सिजनमध्ये मिसळलेला नायट्रस ऑक्साइड थोड्या प्रमाणात हुंगवून भीती कमी करण्याची पद्धतही रूढ झाली. वर्तनाच्या अंगाने १९५९ मध्ये ॲडेल्स्टन यांनी ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक उपकरण आधी शब्दांनी सांगून, मग बोटावर फिरवून दाखवून, नंतरच तोंडात नेले जाते. बौद्धिक अक्षमता असलेल्या व स्वमग्न रुग्णांच्या बाबतीत ही पद्धत अनेक भेटींत विभागून वापरतात. पहिल्या भेटीत रुग्ण केवळ खोलीत येऊन खुर्ची पाहून परतला, तरी ती भेट सफल मानली जाते.

याच्या उलट, रुग्णाला पट्ट्यांनी फळीला बांधणे किंवा त्याच्या तोंडावर हात दाबून ओरडणे थांबविणे, असे उपायही दीर्घकाळ सर्रास चालत. यांपैकी तोंडावर हात ठेवण्याची पद्धत अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. शरीर बांधून ठेवण्याबाबत देशोदेशी मतभेद आहेत. लेखी संमती, कमीत कमी वेळ आणि दुसरा मार्ग नसणे या अटी सामान्यतः घातल्या जातात.

यंत्राशिवाय करता येणाऱ्या उपचारांनी या क्षेत्रात मोठा फरक पडला. जपानमध्ये नीशिनो व यामागा यांच्या संशोधनातून १९७० च्या सुमारास सिल्व्हर डायअमाइन फ्ल्युओराइड हे द्रव्य उपयोगात आले. ते किडलेल्या जागी लावले असता कीड थांबते. मात्र ती जागा काळी पडते. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये परवानगी मिळाली. टांझानियात १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास यो फ्रेंकेन यांनी केवळ हातातील उपकरणांनी कीड खरवडून पोकळी भरण्याची पद्धत सुरू केली. ती वीज नसलेल्या खेड्यांसाठी होती. पण यंत्राच्या आवाजाने बिथरणाऱ्या रुग्णांनाही ती उपकारक ठरली.

संघटना व शिक्षण : दुसऱ्या महायुद्धानंतर पालकांच्या संघटना बलवान झाल्या आणि १९६० नंतर मोठ्या संस्था रिकाम्या करून तेथील व्यक्तींना समाजात राहू द्यावे, हा विचार स्कँडिनेव्हियातून पसरला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम दातांवर झाला. संस्थेत बऱ्यावाईट स्वरूपात का होईना, नेमलेला दंतवैद्य असे. घरी किंवा छोट्या वसतिगृहात आलेल्या व्यक्तीला मात्र गावातील दंतवैद्याकडे जावे लागले, आणि त्या दंतवैद्याला अशा रुग्णाचे शिक्षण कधी मिळालेलेच नव्हते. नव्या शाखेची उभारणी ही मुख्यतः या पोकळीवरील प्रतिक्रिया होती.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानाने १९७४ मध्ये ११ दंतवैद्यक महाविद्यालयांना विकलांगांच्या चिकित्सेचे शिक्षण सुरू करण्यासाठी अनुदान दिले. त्याच वर्षी विकलांगांच्या दंतवैद्यकासाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले. १९८५ पासून त्याने खाजगी दंतवैद्यांकडून विनामूल्य उपचार मिळवून देण्याची योजना चालविली. विकलांगांच्या दंतवैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी अस्तित्वात आली. जपानमधील संघटनेचा प्रारंभ १९७३ मध्ये व ब्रिटनमधील संघटनेचा १९७६ मध्ये झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ स्पर्धांत १९९३ मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य स्टीव्हन पर्लमन यांच्या पुढाकाराने खेळाडूंची दंततपासणी सुरू झाली. पुढे ती अनेक देशांत पसरली. सर्वसामान्य दंतवैद्य ज्या रुग्णांपासून दूर राहत होते, त्यांची प्रत्यक्ष ओळख हजारो विद्यार्थ्यांना या शिबिरांतून झाली.

स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून मान्यता सावकाश मिळत गेली. ब्राझीलमध्ये ती २००१–०२ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियात त्यानंतर लवकरच आणि ब्रिटनमध्ये २००८ मध्ये मिळाली. अमेरिकेत ही शाखा अद्याप मान्यताप्राप्त विशेषज्ञतांत नाही. तेथील महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या आयोगाने २००४ मध्ये विशेष गरजा असलेल्या रुग्णांच्या उपचारांच्या गरजेचे मूल्यमापन करण्याची पात्रता प्रत्येक पदवीधराकडे असावी, असा नियम केला. प्रत्यक्ष उपचाराची व्यवस्था करण्याची पात्रता असावी, ही सुधारणा होण्यास २०१९ साल उजाडले. रुग्णाला काय हवे आहे हे ओळखणे आणि ते त्याला देणे यांतील अंतर कापण्यास पंधरा वर्षे लागली.

निरनिराळ्या देशांतील व्यवस्था : स्वीडनमध्ये १९९९ च्या सुधारणेनुसार मोठ्या प्रमाणावर परिचर्येची गरज असणाऱ्या व्यक्तींच्या आवश्यक दंतोपचारांना सर्वसाधारण वैद्यकीय उपचारांइतकेच शुल्क पडते. शिवाय त्यांच्या राहत्या जागी जाऊन मुखाची तपासणी करण्याची जबाबदारी प्रादेशिक शासनावर आहे. गॉथेनबर्ग येथील ‘मून-हा-सेंटर’ ही संस्था दुर्मिळ विकारांतील मुखाच्या तक्रारींविषयी माहिती गोळा करते व सल्ला देते. नॉर्वेतील १९८३ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना, मग त्या संस्थेत राहत असोत वा घरी, सार्वजनिक दंतसेवेत अग्रहक्क व विनामूल्य उपचार दिले. व्हिपेहोल्मच्या देशात व त्याच्या शेजारी ही व्यवस्था उभी राहावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ब्रिटनमध्ये ही सेवा मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सामुदायिक दंतचिकित्सालयांतून व रुग्णालयांतून मिळते. गावातील दंतवैद्य किंवा वैद्य रुग्णाला तेथे पाठवितो. दंतचिकित्सालयांत शुद्धिहरणाखाली झालेल्या मृत्यूंमुळे तेथे चौकशी होऊन २००१ च्या अखेरीपासून सर्वांगीण शुद्धिहरण केवळ रुग्णालयातच करता येते. सुरक्षितता वाढली, त्याचबरोबर रुग्णालयातील प्रतीक्षायादीही महत्त्वाची ठरली. नेदर्लंड्समध्ये विशेष दंतचिकित्सेची केंद्रे आहेत आणि पूर्वपरवानगी घेतल्यास त्यांचा खर्च मूलभूत आरोग्यविम्यातून मिळतो. फ्रान्समध्ये नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांच्या समप्रमाण मिश्रणाचा वापर २००९ पासून रुग्णालयाबाहेरही करता येऊ लागला. जर्मनीत या शाखेला विशेषज्ञता म्हणून मान्यता नाही. पण १ जुलै २०१८ पासून परिचर्येची गरज असलेल्या व विकलांग व्यक्तींना विम्यातून वाढीव प्रतिबंधक दंतसेवा मिळतात. जपानमध्ये टोकिओसारख्या ठिकाणी विकलांगांसाठी स्वतंत्र मुखारोग्य केंद्रे आहेत, आणि २०११ च्या मुखारोग्यविषयक कायद्यात विकलांगांच्या नियमित तपासणीचा निर्देश आहे. अमेरिकेत गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेतून प्रौढांना कोणते दंतोपचार मिळावेत हे प्रत्येक राज्य ठरविते, त्यामुळे राज्याची सीमा ओलांडताच सेवा बदलते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या दंतवैद्यक महाविद्यालयाने २०१९ मध्ये विकलांगांसाठी स्वतंत्र केंद्र उघडले.

परदेशांत सेवेचा शोध : नोकरी, शिक्षण वा स्थलांतर यांमुळे परदेशी गेलेल्या कुटुंबात विकलांग व्यक्ती असल्यास तिच्यासाठी दंतवैद्य शोधणे कठीण जाते. मराठी भाषक कुटुंबांनाही आखाती देशांपासून उत्तर अमेरिकेपर्यंत हा प्रश्न पडतो. पहिली अडचण नावाची असते. ब्रिटनमध्ये या शाखेला ‘स्पेशल केअर डेंटिस्ट्री’, ऑस्ट्रेलियात ‘स्पेशल नीड्स डेंटिस्ट्री’ आणि जपानमध्ये ‘शोगाइशा शिका’ म्हणतात. जेथे विशेषज्ञता मान्य आहे तेथे अशा दंतवैद्यांची अधिकृत नोंदसूची असते. जेथे ती नाही तेथे दंतवैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा बालदंतवैद्य यांच्याकडे जावे लागते. त्यामुळे मूल प्रौढ झाले की पेच पडतो : बालदंतवैद्याच्या वयोमर्यादेपलीकडे ते गेलेले असते आणि प्रौढांचा दंतवैद्य त्याला स्वीकारण्यास कचरतो. विकलांगांच्या दंतचिकित्सेतील ही सर्वांत मोठी फट समजली जाते.

दुसरी अडचण वैद्यकीय मतभेदांची असते. डाउन लक्षणसमूहाच्या सुमारे निम्म्या मुलांत जन्मजात हृद्‌दोष आढळतो. अशा रुग्णाचा दात काढताना जंतू रक्तात शिरून हृदयाच्या अंतःस्तराचा दाह होण्याचा धोका असतो, म्हणून आधी प्रतिजैविक औषध देण्याची पद्धत होती. अमेरिकन हृदयरोग संघटनेने २००७ मध्ये ती अत्यंत धोका असलेल्या रुग्णांपुरती मर्यादित केली. इंग्‍लंडमधील मार्गदर्शक संस्थेने २००८ मध्ये ती बंद करण्याची शिफारस केली आणि २०१६ मध्ये ‘सरसकट देऊ नये’ असा शब्दबदल केला. एकाच रुग्णाला दोन देशांत दोन वेगळे सल्ले मिळू शकतात ते यामुळे. हृद्‌रोगतज्ञाचे लेखी मत, चालू औषधांची यादी, पूर्वी दिलेल्या शुद्धिहरणाची नोंद आणि रुग्ण वेदना कशी व्यक्त करतो याचे घरच्यांनी लिहिलेले टिपण बरोबर असल्यास नव्या दंतवैद्याचे काम पुष्कळ सुकर होते. यांतील शेवटचे टिपण कोणत्याही रुग्णालयाच्या दप्तरात सापडत नाही आणि तेच पुष्कळदा सर्वांत उपयोगी पडते.

भारत : भारतात विकलांगांची दंतचिकित्सा ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा नाही; तिचे शिक्षण मुख्यतः बालदंतवैद्यकात अंतर्भूत आहे. साहजिकच प्रौढ विकलांगांचा प्रश्न येथेही उरतो. विकलांगांच्या हक्कांसंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला व भारताने त्याला २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. इतरांना मिळतात त्याच दर्जाच्या आरोग्यसेवा विकलांगांना मिळाव्यात, असे त्याच्या पंचविसाव्या अनुच्छेदात म्हटले आहे. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारची विकलांगता मान्य होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती २१ प्रकारांपर्यंत वाढविली. त्यांत हीमोफिलिया, थॅलॅसिमिया व दात्रकोशिका रक्तक्षय या दात काढताना विशेष काळजी घ्यावी लागणाऱ्या रक्तविकारांचाही समावेश आहे. या अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमात आरोग्यसेवेच्या ठिकाणी अडथळारहित प्रवेश आणि उपचारात अग्रक्रम यांची तरतूद आहे. दंतचिकित्सालयाला ती लागू करावयाची म्हणजे चाकांची खुर्ची आत जाईल असे दार, रुग्णाला दिलेला जास्तीचा वेळ आणि त्याला नाकारू नये असे शिकलेला दंतवैद्य, या तिन्हींची आवश्यकता असते. पहिली गोष्ट बांधकामाने साधते. उरलेल्या दोहोंसाठी शिक्षणक्रम बदलावा लागतो.

प्रतिबंधाला या क्षेत्रात इतर कोणत्याही रुग्णापेक्षा अधिक मोल आहे, कारण येथे एका दाढेच्या उपचारासाठीही शस्त्रक्रियागृहाची तयारी करावी लागू शकते. फ्ल्युओराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दुसऱ्याने घासून दिलेले दात, जाड मुठीचा ब्रश, साखरविरहित औषधे आणि जेवणांच्या मधल्या वेळेत गोड न देणे, हे त्याचे मुख्य उपाय होत. यांतील शेवटच्या नियमाला भक्कम प्रायोगिक आधार व्हिपेहोल्मच्या रुग्णांनी मिळवून दिला. तो त्यांच्यासारख्याच व्यक्तींच्या उपयोगी पडावा, एवढी परतफेड या शाखेकडून अपेक्षित आहे.